टाकेताईनं शिवलेलं टर्बोचं जाकीट

टाकेताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनच काढावं लागेल. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ती सीटा शिवायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेड मिस्त्रींनी तिच्या शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "अहो, हे टाके घातलेत की छापलेत?" झालं. त्या दिवसापासून ती टाकेताई. हजेरीच्या कार्डावरसुद्धा कुणीतरी पेन्सिलीनं 'टाके' असं लिहून ठेवलं आणि तिनंही ते कधी खोडलं नाही.

बाई तोंडानं फटकळ. हात मात्र देवाघरचा. आणि एक खोड अशी, की कापड अंगाला बसलेलं नसलं की तिला चैन पडायची नाही. रांगेत पुढं उभ्या असलेल्या परक्या माणसाची कॉलर ती बेधडक सरळ करायची. कुणाच्या घरी गेली की चहा येईपर्यंत तिचं लक्ष पडद्याच्या दुमडीकडे, आणि निघताना हमखास सांगायची, "दोन बोटं सैल आहे हो, पाठवून द्या, आवळून देते." फट, सैलपणा, भोक, उघडी कड हे तिचे शत्रू. सीटचं कव्हर तिनं चढवलं की त्यात चिमूट धरायला जागा उरायची नाही. लोक कौतुक करायचे आणि तिला ते आवडायचं. का आवडू नये? नवरा गेल्यावर आपलं म्हणावं असं तेवढंच तर होतं तिच्याकडे.

आज ती पन्नाशीला टेकलीय. गेली चौदा वर्षं तिच्या पोटात एक वाक्य अडकून बसलं होतं. थोरल्या भावाला सांगायचं वाक्य. "दादा, तू चुकला नव्हतास, चुकले मी." एवढंसंच. श्वास न घेता म्हणता येईल इतकं छोटं. पण सांगायचं ते वेळेवर सांगितलं नाही की माणसाची काय गत होते, ते या बाईकडे बघून कळावं.

दादा घाटाची बस चालवायचा. बावीस वर्षं तोच रस्ता, तीच वळणं. घाटातल्या गावांतली माणसं बसच्या हॉर्नवरून ओळखायची की आज दादा आहे. बाकी ड्रायव्हर त्याला चिडवायचे, "तुझं लग्न वहिनीशी झालं की घाटाशी?" तो म्हणायचा, "वहिनी निदान रुसते तरी. घाट कधी रुसला नाही."

टाकेताई एकतिसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून दिवस काढत होती. दादाला ते बघवेना. तो दोन दिवस वर्कशॉपच्या साहेबांच्या दाराशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी साहेब वैतागून म्हणाले, "काय पाहिजे तुला?" दादा म्हणाला, "माझ्या बहिणीला एक मशीन द्या. काम वाईट झालं तर तिला काही बोलू नका, मला विचारा." अशी ती तिथं आली. हंगामी म्हणून आली, कायम व्हायला तीन वर्षं लागणार होती.

ती येऊन दोनेक वर्षं झाली आणि डेपोत टर्बोची इंजिनं आली. जुन्या पद्धतीच्या बसा, इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या पायाला खेटून, वर पत्र्याचं झाकण. टर्बो म्हणजे काय ते मिस्त्रींनी ताईला एकदा सुट्या तुकड्यावर दाखवलं होतं. दोन लोखंडी गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यात असा त्याचा आकार. इंजिनाचा धूर एकीत शिरतो आणि आतलं चक्र गरगर फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरीतलं चक्र असतं, ते फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्यामुळं भरलेली बसही घाट हसत चढते. पण धूर जातो ती गोगलगाय चढणीला लाल होते. अक्षरशः लाल. संध्याकाळी झाकण उघडलं तर लोहाराच्या भट्टीतून काढलेली वस्तू वाटावी.

आणि त्या लाल गोळ्याच्या वीतभर अंतरावर दादाचा पाय.

पहिल्या महिन्यात नडगीवरचे केस जळून गेले. मग कातडी कोरडी होऊन भेगाळली, मग फोड आले. वहिनी रोज मलम लावायची आणि टर्बोच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ड्रायव्हर लोकांनी झाकणावर ओली पोती टाकून पाहिली, तर ती घाट संपायच्या आत वाळून करपायची. पुढच्या सीटवरचे प्रवासी पाय वर घेऊन बसायचे. एकदा दादा डेपोत लंगडत उतरला आणि ताईच्या डोळ्यांना पाणी आलं. ज्या माणसानं आपल्यासाठी दोन दिवस दारात बसून काढले त्याच्या पायाची ही दशा!

मिस्त्री काही स्वस्थ बसणारे नव्हते. इंजिनातून टर्बोकडे धूर आणणारा ओतीव लोखंडाचा नळा त्यांनी उतरवून भट्टीवाल्याकडे पाठवला. त्यानं त्यावर चिनीमातीसारखा लेप फवारून भाजून दिला, म्हणजे उष्णता नळ्यातच राहावी. टर्बोतून पुढं सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला त्यांनी काचेच्या धाग्यांची रुंद पट्टी गुंडाळली. आधी बादलीत भिजवून, मग ओढून ओढून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत. वायरींच्या बाजूला पत्र्याची ढाल लावली, तीही बोटभर अंतर सोडून. ताईनं लगेच विचारलं, "ही फट कशाला? चिकटवून टाका की." मिस्त्री हसले. "अहो, पत्रा चिकटला की तोच तापेल. मधली हवा काम करते. फट मुद्दाम आहे ही." ताईनं नाक मुरडलं. मुद्दाम ठेवलेली फट तिच्या डोक्यात बसेना.

राहिला खुद्द टर्बो. त्याला जाकीट हवं होतं. बाजारात मिळणारं जाकीट भलत्याच मापाचं, आपल्या इंजिनाला ते लहान मुलाला बापाचा कोट घातल्यासारखं दिसायचं. मिस्त्री सरळ सीटखात्यात आले. "टाकेताई, शिवशील का?"

शिवशील का म्हणजे काय! तिनं वर्तमानपत्राचे तुकडे आणि सुतळी घेऊन गार इंजिनावर माप काढलं. बाहेरून चंदेरी जाड कापड, आतून पांढरं मऊ, मध्ये काचेच्या लोकरीचा थर, आणि शिवायला पोलादी दोरा. सात सुया मोडल्या. ती लोकर अंगाला लागली की अशी खाज सुटायची की बोलायची सोय नाही. लांब बाह्या घालून, तोंडाला फडकं बांधून तिनं आठवडा घालवला. मेकॅनिक येता जाता टोमणे मारायचे, "काय ताई, टर्बोला थंडी वाजते वाटतं?" ती म्हणायची, "तुझ्या जिभेला शिवून देऊ का एक? तीही फार तापते."

जाकीट बेतताना मिस्त्रींनी खडूनं दोन रेघा मारून दिल्या. "हे बघ. गरम गोगलगाय पूर्ण झाकायची. पण ही दोन गोगलगायींच्या मधली मान आहे ना, हिला हात लावायचा नाही. दांडा हिच्यातून जातो आणि त्याला तेल मिळतं ते इथंच. हिला वारा लागलाच पाहिजे. चार बोटं उघडी सोड." हेच तेल गरम टर्बोत अडकून राहिलं की करपतं, म्हणून घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं नुसतं चालू ठेवून मग किल्ली फिरवायची, हेही त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना घोकून घेऊन शिकवलं होतं. दादा तर त्या दोन मिनिटांत उठायचासुद्धा नाही. प्रवासी उतरून जायचे, कंडक्टर चहाला पळायचा, हा आपला गाडीत बसून पाणी पीत.

ताईनं चार बोटं सोडली. जाकीट चढलं. पहिल्याच दिवशी दादा खूश होऊन सीटखात्यात आला. "अगं, अर्धी भट्टी विझली! फक्त एक रेघ राहिलीय बघ. इथं, नडगीवर. सुरी तापवून धरावी तसं तेवढंच लागतं." त्यानं पँट वर करून दाखवलं. खरंच, लालसर आडवी रेघ. चार बोटं रुंद.

तिथंच ताईच्या डोक्यात किडा शिरला. चार बोटं! तिच्या हातून चार बोटांची फट राहावी, आणि तीही दादाच्या पायावर!

मिस्त्रींना हे तिनं सांगून बघितलं नाही असं नाही. ते म्हणाले, "पत्र्याचा एक तुकडा वाकवून मध्ये लावू, पुढच्या आठवड्यात बघतो." पुढचा आठवडा कुठल्याही वर्कशॉपमध्ये येतो का कधी? पुढं मिस्त्रींची सुट्टी आली. त्या दिवशी ताईनं एक पट्टा कापला, आत दुप्पट लोकर भरली, आणि मानेभोवती असा बसवला की शिवण कुठं सुरू होते ते हाताला कळू नये. तेलाची नळी वरून आत जाते तिथंसुद्धा तिनं गोल काज केलं, कोटाला करतात तसं. काम संपल्यावर चार पावलं मागं होऊन बघितलं. बोट ठेवायला जागा नाही! आयुष्यात इतकं बसलेलं काही शिवलं नसेल तिनं. खडूच्या रेघा आठवल्या तिला, नाही असं नाही. पण मनाशी म्हणाली, एवढं तेल वाहतंय आतून, चार बोटांनी काय बिघडतंय. मिस्त्रींना नंतर सांगू.

दुसऱ्या दिवशी दादानं डेपोत पाऊल ठेवलं ते आरोळी ठोकतच. "आज घाटात गाणं म्हटलं मी! कंडक्टरला विचारा!" त्यानं सगळ्यांदेखत बहिणीच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याला वाटलं, तिनंच कुणाला तरी गाठून मिस्त्रींचा तो पत्रा लावून घेतला. मग मिस्त्रींना कशाला सांगायचं? रेघ गेली, फोड वाळले, वहिनीनं मलमाची डबी फेकून दिली. झाकणाखाली कोण वाकून बघतंय. साडेचार महिने सगळं गोडीत चाललं.

आणि एक दिवस शेवटच्या वळणाच्या अलीकडे भरलेल्या बसमध्ये टर्बोनं किंकाळी फोडली. दांडा आत जाम झाला. तेल धुराच्या वाटेनं सुटलं आणि मागून असा पांढरा निळा लोट निघाला की कुणीतरी ओरडलं, "आग!" आग नव्हतीच. पण ऐकतंय कोण? दादानं ब्रेकवर उभं राहून गाडी चढणीवर धरून ठेवली, एक इंच मागं जाऊ दिली नाही. ओरडून ओरडून सांगत होता, बसून राहा, बसून राहा. तरी माणसं खिडक्यांतून उड्या मारत सुटली. एका शाळेतल्या बाईंचा पाय मोडला. तो पुढं कधी सरळ झालाच नाही.

बस ओढून वर्कशॉपमध्ये आणली. सीटा फाटल्या होत्या म्हणून त्या उतरवायला पहिल्यांदा सीटखात्याला बोलावणं आलं. ताई आत गेली आणि इंजिनाचं झाकण उचलून बघितलं. जाकीट जागेवर होतं. चंदेरी कापड सगळीकडे स्वच्छ, फक्त मानेवरचा पट्टा तपकिरी पडून कडक झालेला. कुणी सांगायची गरज नव्हती. चार बोटांना वारा मिळाला नव्हता. साडेचार महिने तेल आतल्या आत शिजत होतं, आणि दादाची दोन मिनिटं त्याला पुरली नव्हती.

तिच्या एप्रनच्या खिशात टाके काढायची उसवणी होती. आता काय सांगायचं! टाके भराभर सुटले. पोलादी दोरा बोटात घुसला. पट्टा तिनं एप्रनखाली घातला आणि घरी जाऊन चुलीत घातला. काचेचं कापड जळतंय कसलं! मग तुकडे तुकडे करून तीन वेगवेगळ्या कचऱ्याच्या ढिगांत टाकून आली. इतका कारभार करायची अक्कल त्या दिवशी कुठून आली, याचं तिला अजून नवल वाटतं. त्यातली थोडी आधी का नाही आली?

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर उघडलेला टर्बो. मिस्त्रींनी मानेच्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढून दाखवलं. काळा कोळसा.

"हे असं कधी होतं?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "गरम इंजिन एकदम बंद केलं की होतं, साहेब. रोज नाही, पण पुन्हा पुन्हा केलं की."

"मी एकदाही केलं नाही," दादा म्हणाला. "बावीस वर्षांत एकदाही नाही."

"अहो, टर्बोला तर जेमतेम वर्ष झालंय," साहेब म्हणाले. "कंडक्टर, तुम्ही सांगा."

कंडक्टर गडबडला. तो त्या दोन मिनिटांत चहाला गेलेला असायचा, पण ते कसं कबूल करणार? म्हणाला, "तसं थांबायचे ते... कधी घाई असली तर... मला नक्की नाही सांगता येत."

दादानं मान वळवून कंडक्टरकडे बघितलं.

बाहेर व्हरांड्यात मिस्त्रींनी ताईला गाठलं. हळूच विचारलं, "ताई, एक विचारतो, राग मानू नकोस. मधली मान तू झाकली नव्हतीस ना?"

हा तो क्षण. पुढच्याच महिन्यात ती कायम होणार होती. पाय मोडलेल्या बाईंचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. आणि तिला खरंच वाटलं की दादाला काय, बोलणी बसतील, फार तर महिनाभर घरी बसवतील, घाटाला त्याच्यावाचून कोण मिळणार आहे? ती म्हणाली, "नाही हो." दोन शब्द. मिस्त्रींनी मान हलवली आणि गेले.

खापर दादावर फुटलं. त्याच्या हातातून स्टीअरिंग काढून घेतलं ते कायमचं. गाड्या धुवायच्या चौथऱ्यावर त्याला पाठवलं. बावीस वर्षं घाट चढवणारा माणूस रबरी बूट घालून दुसऱ्यांच्या बसांची चाकं धुवायला लागला. आणि सीटखात्याच्या खिडकीतून तो चौथरा समोरच दिसायचा. ताईनं मशीन फिरवून भिंतीकडे तोंड केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, उजेड डोळ्यांवर येतो.

सुरुवातीला दादानं आकाशपाताळ एक केलं. तीन अर्ज लिहिले. भेटेल त्याला सांगायचा, "मी दोन मिनिटं थांबायचो हो, देवाशपथ थांबायचो." लोक म्हणायचे, "हो हो." त्या "हो हो" नं माणूस आतून पोखरला जातो. वहिनीसुद्धा एकदा रागाच्या भरात म्हणून गेली, "एवढे सगळे म्हणतात तर एखाद्या वेळी केलं असेल तुम्ही!" त्या दिवसानंतर त्यानं चौथा अर्ज लिहिला नाही.

ताई कायम झाली. एवढंच नाही, तिची जाकिटं पुढं सगळ्या बसांना लागली. मिस्त्रींनी सीटखात्यात पाटी लावली, "मान उघडी ठेवा." पण पाटीची गरजच नव्हती. ताई एकेका जाकिटाची मान चारदा तपासायची. कुणी एक बोट जास्त कापड सोडलं तर असा आरडाओरडा करायची की बाकीच्या बायका म्हणायच्या, "हिला झालंय तरी काय? चार बोटांसाठी जीव घेईल एखादीचा!" मग ती पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जायची.

सांगायचं तिनं किती वेळा ठरवलं! दादाला न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून "दादा" म्हणाली आणि नर्स आली. एकदा जिन्यात गाठलं तर त्याच्या हातात गव्हाचं पोतं होतं. नर्स काही मिनिटांत गेली होती आणि पोतं खाली ठेवता आलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. मिस्त्री आजारी पडले तेव्हा त्यांना तरी सांगावं म्हणून गेली. ते म्हणाले, "तुझ्या दादाचं फार वाईट झालं बघ. माझं मन अजून खातं." आणि ती त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवून परत आली. दोन महिन्यांनी मिस्त्री गेले. आता चार बोटांबद्दल विचारणारं जगात कुणी उरलं नाही. त्यांच्या घरून परत आल्यावर तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या क्षणाची तिला जितकी लाज वाटते तितकी बाकी कशाचीच वाटत नाही.

परवा दादाच्या लेकीला बस ड्रायव्हरची नोकरी लागली. त्याच डेपोत, आणि घाटाच्याच रस्त्यावर. पोरगी जिद्दीची, बापाचंच नाक आणि बापाचाच आवाज. वहिनीनं दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सगळे म्हणजे ताईच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेला नवा कोरा युनिफॉर्म. ताईनं आल्या आल्या त्याचे खांदे चिमटीत धरून बघितले. "सैल आहे ग. दे, आवळून देते."

"आत्या, आधी जेव तरी!" भाची हसली.

जेवणं झाली. दादा खुर्चीत मागं टेकून बसला. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, केस पार पांढरे. लेकीला समोर बसवून त्यानं घाट शिकवायला सुरुवात केली. कुठल्या वळणावर कुठला गियर, कुठं पाणी झिरपतं, कुठं गुरं बसतात. चौदा वर्षांत एकदाही घाट चढला नव्हता, पण एक खड्डा विसरला नव्हता. ताई ऐकत होती आणि बरं वाटत होतं तिला. मग तो म्हणाला,

"आणि टर्बो. वर पोचलीस की दोन मिनिटं थांबायचं. मी केलं ते करू नकोस."

ताईनं मान वर केली.

"मी बंद करायचो ग," दादा शांतपणे सांगत होता. "लगेच. तुझी शाळा सुटायची वेळ असायची, तुला आणायचं असायचं. वाटायचं, आज एक दिवस नाही थांबलो तर काय होतंय. किल्ली फिरवायचो आणि खाली उडी मारायचो. आज एक दिवस, आज एक दिवस करत करत तो टर्बो मी मारला. त्या बाईंचा पाय माझ्यामुळं गेला. मी तेव्हा कबूल केलं नाही, भांडत बसलो सगळ्यांशी. तू असलं काही केलंस तर सरळ कबूल कर."

भाचीला शाळेतून कोण आणायचं? ताई आणायची! रोज! दादा त्या वेळी घाटाच्या पलीकडच्या टोकाला असायचा. यातलं काहीही घडलं नव्हतं. चौदा वर्षं "हो हो" ऐकून ऐकून त्या माणसानं स्वतःच्या विरुद्ध साक्ष तयार केली होती, तीही अशी बारकाव्यांसकट.

"दादा, खोटं आहे हे!" ती ओरडली. वहिनी दचकून ओट्यापासून वळली. "तू कधी बंद केलं नाहीस. मी झाकली होती मान. मिस्त्रींची सुट्टी होती तेव्हा. तुझ्या पायाला रेघ लागत होती म्हणून पट्टा शिवला मी, आणि बस आणली तेव्हा कुणी बघायच्या आत उसवून टाकला. मिस्त्रींनी विचारलं तर मीच नाही म्हणाले. मी केलं, दादा. तू काही केलं नाहीस. पोरीला शाळेतून मी आणायचे, आठव ना!"

चौदा वर्षं अडलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. भाची एकदा आत्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिली.

दादाच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला. मग हळूहळू तो चेहरा निवळला आणि त्याला हसू आलं. तेच हसू, धपाटा घातला होता तेव्हाचं.

"वेडी कुठली," तो म्हणाला. "पोरीसमोर बापाची मान खाली जाऊ नये म्हणून का?"

"नाही रे दादा, खरंच सांगते..."

"पुरे." त्यानं हात वर केला. "कुठाय तो पट्टा? कुणी बघितला? मिस्त्रींनी स्वतः जाकीट बघितलं होतं, मला सांगितलं त्यांनी, की ताईचं काम चोख होतं, मान उघडी होती. मिस्त्री खोटं बोलायचे का?"

पट्टा तीन ढिगांत गेला होता आणि मिस्त्री मातीत. तिनं वहिनीकडे बघितलं. वहिनी पदरानं डोळे टिपत होती आणि वन्सं किती प्रेमळ, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं.

"तुला एक सांगू?" दादा लेकीकडे वळला. "तेव्हा सगळ्यांनी मला बोल लावले. साहेबांनी, कंडक्टरनं, तुझ्या आईनंसुद्धा. ही एकटीच अशी, की जिनं चौदा वर्षांत त्या टर्बोचं नाव काढलं नाही माझ्यासमोर. एका शब्दानं दुखवलं नाही. मी चौथऱ्यावर चाकं धुवायचो ना, तेव्हा हिनं आपलं मशीन भिंतीकडे वळवून घेतलं, मला खाली मान घालायला लागू नये म्हणून. मला कळत नव्हतं का ते? त्याच्यावर दिवस काढले मी. आणि आज बघ, माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालीय. बघून ठेव बाळा, बहीण म्हणतात ती ही."

ताई पुन्हा बोलायला गेली. "दादा, मी..." एवढंच आलं, पुढं रडूच फुटलं. दादा खुर्चीतून उठला, वाकायला त्रास होत होता तरी वाकला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नकोस ग. मी तुझ्यावर कधी रागावलो होतो का?"